डीएनए संदूषण

पुराव्याच्या नमुन्यात गुन्ह्याशी संबंध नसलेला डीएनए मिसळणे. तो बहुधा नमुना हाताळणाऱ्यांचाच असतो : लाळेचा तुषार, केस, त्वचेच्या पेशी. डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर प्रक्रियेत दर फेरीला रेणू दुप्पट होतात. 28 फेऱ्यांत एकाचे, निदान कागदावर, सुमारे 27 कोटी. म्हणून नमुना जितका अल्प, तितका परक्या डीएनएचा धोका मोठा.

हाइलब्रॉन प्रकरण : जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारे 40 गुन्ह्यांत एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत गेला. 1993 मधील एका खुनापासून किरकोळ घरफोड्यांपर्यंत सगळीकडे तीच. 2007 मध्ये हाइलब्रॉनला एका महिला पोलिसाची हत्या झाली, तिच्या गाडीतही तीच. माहिती देणाऱ्यास 3 लाख युरोंचे बक्षीस लागले. मार्च 2009 मध्ये फ्रान्समध्ये एका जळालेल्या मृतदेहाची ओळख पटवताना त्या पुरुषाच्या जुन्या अर्जावरील बोटांच्या ठशांतही हाच डीएनए निघाला. फेरतपासणीत तो निघाला नाही आणि बिंग फुटले. डीएनए होता नमुने टिपायचे कापसाचे स्वॅब भरणाऱ्या एका कामगार स्त्रीचा. स्वॅब निर्जंतुक होते. पण जंतू मेले तरी पेशीतला डीएनए टिकतो. बव्हेरियात ही स्त्री एकदाही ‘आढळली’ नव्हती, कारण तिथले पोलीस दुसऱ्या पुरवठादाराचे स्वॅब वापरत. नकाशावरची ही रिकामी जागा कोणाला खटकली नाही, हे नवलच. दोष पुरवठादाराचा की खरेदीदाराचा, याविषयी मतभेद आहेत.

प्रतिबंध : प्रत्येक वस्तूमागे हातमोजे बदलावेत. नेहमीची चूक म्हणजे घसरलेला मास्क त्याच मोज्याने नाकावर चढवणे आणि पुढचा स्वॅब उचलणे. ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात; प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडून डीएनए कुजतो. पीडित व संशयित यांचे नमुने एकाच टेबलावर एकावेळी उघडत नाहीत. पीसीआरच्या आधीची व नंतरची खोली वेगळी. नंतरच्या खोलीतले पिपेट, कोट काहीही मागे आणत नाहीत. प्रत्येक तुकडीबरोबर नमुना न घातलेली एक कोरी नळी चालवतात. तिच्यात डीएनए उमटला, तर त्या तुकडीचे निकाल ग्राह्य धरत नाहीत. कर्मचाऱ्यांचे डीएनए आलेख जुळवणीसाठी जपून ठेवतात.

मानक : आयएसओ 18385 (2016).

इंग्लंड : एकदाच वापरायची प्लॅस्टिकची थाळी प्रयोगशाळेत पुन्हा वापरली गेल्याने 2011 मध्ये एका निरपराध तरुणावर बलात्काराचा आरोप आला व त्याला काही महिने कोठडीत काढावे लागले.

भारत : डीएनए तंत्रज्ञान विनियमन विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, 2023 मध्ये मागे घेतले.