पाटीच्या दोन बाजू

आमचं गाव काटोल तालुक्यातलं. पऱ्हाटी, तूर आणि संत्र्याच्या बागा. गावच्या शाळेला दोन खोल्या, वर कवेलू, पुढे कडुनिंब. ही शाळा आधी जनपद सभेची होती. जुन्या मध्यप्रांतात १९४८ साली जनपद सभा आल्या आणि आमच्याकडच्या खेड्यातल्या शाळा त्या चालवू लागल्या. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. शाळेवरचं नाव बदललं. गुरुजी तेच, फळा तोच, आणि पास-नापासही तेच राहिलं.

मी १९६६ साली पहिलीत बसलो. चार वर्गांना एकच गुरुजी. ते चौथीला गणित सांगत तेव्हा पहिलीवाले पाढे म्हणत आणि दुसरीवाले शुद्धलेखन करत. दिवसभर एवढ्या पोरांकडे एकट्या माणसाचं लक्ष पुरायचं नाही, म्हणून उरलेली शाळा आमच्या घरी यायची. तिलाच गृहपाठ म्हणायचं. वह्या फक्त चौथीला, त्याही जपून वापरायच्या. बाकी सगळं पाटीवर. रात्री कंदिलाजवळ बसून गणितं सोडवायची आणि सकाळी पाटी पुसू नये म्हणून दोन्ही हातात धरून शाळेत न्यायची. पिशवीत टाकली की अर्धा अभ्यास पिशवीलाच लागायचा. गुरुजींना सांगून पटायचं नाही.

आमच्या घरात धड पाटी एकच होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण दुसरीत, मी चौथीत. एक बाजू माझी, एक बाजू तिची, असं मायनं ठरवून दिलं होतं. चौथीची परीक्षा म्हणजे त्या वेळी मोठी गोष्ट. चौथी पास झालेल्या पोराला घरचे पुढं काटोलला पाठवायचे की नाही याचा विचार करत. नापास झाला तर विचारच करायचा नाही, बैलाचा कासरा हातात द्यायचा. शिष्यवृत्तीची परीक्षाही चौथीलाच. माझ्यावर सगळ्यांची नजर होती. एका रात्री माझी गणितं एका बाजूत मावेनात. बहीण झोपली होती. मी तिची बाजू पुसली आणि माझी गणितं लिहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं छडी खाल्ली. माझं नाव घेतलं नाही. त्यानंतरही मी दोन-तीनदा तसंच केलं. वर्षाच्या शेवटी मी पास झालो, ती नापास झाली. पुढच्या वर्षीही ती दुसरीतच होती, आणि दिवाळीनंतर तिचं नाव पटावरून गेलं. त्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोललं नाही.

आता हे लिहिताना एक गोष्ट ध्यानात येते. आमच्यापासून जवळच, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. पोरांनी हातानं काम करत शिकावं, सूतकताई, शेती यातूनच गणित आणि भाषा यावी, असा तिथला विचार. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. त्याच काळात मध्यप्रांतात रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना काढली. शाळेला शेत जोडायचं आणि त्याच्या उत्पन्नावर गुरुजींचा पगार भागवायचा. आमच्या वेळेपर्यंत त्यातली फक्त टकळी उरली होती. आठवड्यातून एकदा सूत कातायचं, त्याला ना मार्क ना विचारणा. माझ्या बहिणीला मात्र वेचणीचा हिशेब तोंडपाठ होता. कोणत्या बाईनं किती कापूस वेचला, तिची मजुरी किती झाली, हे ती मायला चालता चालता सांगायची. भुलाबाईची गाणी तिला सगळ्या गल्लीत जास्त यायची. परीक्षेत यातलं काहीच विचारत नव्हते.

मी पुढं शिकलो. अकरावीची मॅट्रिक जाऊन नवी दहावी आली होती, तिची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. मी १९७६ साली बसलो, पास झालो आणि वावरात परतलो. पुढं ग्राम शिक्षण समितीवर होतो, त्यामुळे शाळेचे कागद नजरेखालून जात गेले.

१९८७ साली खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन शिक्षक आणि दोन खोल्या असाव्यात, असं तिच्यात होतं. स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाल्यावर हे लिहावं लागलं, यावरून काय ते समजा. १९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीनं दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला. प्राथमिकच्या पोरांना घरी अभ्यासच देऊ नये, दिलाच तर घराच्या आजूबाजूचं काही पाहायला-शोधायला सांगावं, असं त्यात म्हटलं होतं. गृहपाठ तसाच राहिला. पुढं २०१८ साली केंद्र सरकारनं पहिली-दुसरीला गृहपाठ नको म्हणून पुन्हा कळवलं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कोणाला मागच्या वर्गात ठेवायचं नाही, कोणाचं नाव काढायचं नाही, पोराला मारायचं नाही. ते वाचून मला बहिणीची आठवण झाली. चाळीस वर्षं आधी हा कायदा असता तर, असं वाटलं. पण गावानं त्याचा अर्थ वेगळाच घेतला. लोक म्हणाले, आता परीक्षाच नाही, सगळे पास. खरं तर कायद्यात वर्षभर पोराला तपासत राहा असंच होतं. आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, मार्कांच्या जागी श्रेणी आली. पण श्रेणीच्या कागदावरून आपलं पोर नेमकं कुठं अडलं, हे आमच्यासारख्या बापाला कळेना. काही वर्षांनी नात्यातल्या एका आठवीच्या पोराला मी सातबारा वाचायला दिला. तो दर दुसऱ्या शब्दाला अडखळत होता. आठ वर्षं तो शाळेत गेला होता, एकदाही नापास झाला नव्हता, आणि घरात कोणाला याची खबर नव्हती.

संगणकाचंही असंच झालं. २०१५ नंतर गावोगाव डिजिटल शाळांची हवा आली. आमच्या गावानं वर्गणी केली. कोणी कापूस विकल्यावर पैसे दिले, कोणी संत्र्याचा सौदा झाल्यावर. संगणक आला, नारळ फुटला. पोरं खरंच हरखली, पडद्यावरच्या कविता पाठ झाल्या. मग बिल थकलं, वीज गेली, आणि संगणकावर फडकं आलं. यंत्र विकत घेण्यापुरती वर्गणी झाली होती, ते चालवायला पैसे लागतात हे कोणी मोजलंच नव्हतं.

२०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर यायला लागला. आमच्या घरी चांगला मोबाइल एकच, तोही मुलाचा. तो वावरातून आला की मिळायचा. नातू चौथीत, नात दुसरीत. एका संध्याकाळी दोघांची ओढाताण चालली होती. मी खाटेवरूनच म्हणालो, "त्याले आधी करू दे, त्याचा वर्ग वरचा हाय. तू मंग करजो." नात गप्प बसली. तिची पाळी येईपर्यंत बॅटरी उतरली. त्या रात्री मला झोप आली नाही. पन्नास वर्षांनी मी पुन्हा तिची बाजू पुसली होती.

ती नात २०२३-२४ साली पाचवीत होती. त्याच वर्षापासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. नात गणितात राहिली. भागाकार. दुसरीचं ते सगळं वर्ष तिचं बुडालं होतं, ते तिथं उघडं पडलं. सून रडायला लागली.

बहीण तेव्हा माहेरी आली होती. तिनं नातीला जवळ बसवलं आणि विचारलं, इतका कापूस, इतक्या बाया, सगळ्यांनी सारखा वेचला, तर एकीच्या वाट्याला किती? पोरीनं तोंडी सांगितलं. मग मी तोच हिशेब वहीवर मांडून दाखवला. रोज संध्याकाळी आम्ही दोघं म्हातारे तिला घेऊन बसलो. फेरपरीक्षेत ती निघाली.

तेव्हा मी बहिणीला पाटीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मले माहीत हाय नं भाऊ. पण पाटीनं नाई झालं ते. मी तं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वावरातच होती. परीक्षेत काय लिहिणार होती मी?"

तिनं मला सोडवलं, पण माझं ओझं काही उतरलं नाही. इतकी धोरणं आली आणि गेली, पण पोर घरी गेल्यावर तिथं दिवा आहे का, पाटी किती आहेत, वेचणी सुरू आहे का, हे कोणत्याच कागदात मला दिसलं नाही. परीक्षा असावी, असं मी आता म्हणतो. पोर कुठं अडलं हे घराला कळलंच पाहिजे. पण कळल्यावर त्याच्याजवळ बसायला कोणीतरी लागतं, आणि पुन्हा एकदा बसायची संधी लागते. माझ्या नातीला दोन्ही मिळालं. बहिणीला यातलं एकही मिळालं नव्हतं, आणि तिच्या शेजारीच, त्याच कंदिलाच्या उजेडात, मी बसलेलो होतो.