गव्याचा इतिहास : शिकाऱ्याचा की हाकाऱ्याचा?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलाची ओळख आजही 'बायसनचे जंगल' अशी करून दिली जाते. खरे तर बायसन हा अमेरिका आणि युरोपातला प्राणी. सह्याद्रीत आहे तो गवा. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला बायसन म्हटले आणि आपण ते नाव पाटीवर रंगवले. ज्यांनी पिढ्यानपिढ्या त्याच्यासोबत रान वाटून घेतले, त्यांचा शब्द मागे पडला. नाव देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, इतिहासही त्याचाच लिहिला जातो. 'अस्पृश्य' आणि 'गुन्हेगार जमाती' ही नावेही त्या माणसांनी स्वतःला दिलेली नव्हती.

दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे जंगल. १९५८ साली गव्यासाठी ते अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचे सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य तयार झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यातही ते आहे. हा इतिहास सांगताना 'राजांनी जंगल राखले म्हणून गवा वाचला' हे वाक्य हमखास येते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. राखलेल्या जंगलात शिकार व्हायची, आणि शिकारीसाठी रान उठवायला माणसे लागायची. संस्थानी असो वा इंग्रजी, बंदूक मचाणावर असे आणि झुडपात ढोल-डबे बडवत जनावराच्या अंगावर जाणारा हाकारा जमिनीवर. भिंतीवरच्या मुंडक्याखाली शिकाऱ्याचे नाव असते. हाकाऱ्याचे कुठेच नसते.

राजर्षी शाहू महाराज स्वतः शिकारीचे शौकीन होते. ते आपले आहेत म्हणून हे झाकायचे कारण नाही. पण याच राजाने १९१८ ते १९२० या काळात महार वतन, हजेरी आणि वेठबिगार बंद करण्याचे हुकूम काढले, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे. फुकट राबवून घेण्याच्या व्यवस्थेवरच तो घाव होता.

शिंगांचा दुसरा इतिहास बस्तरमध्ये सापडतो. तिथल्या दंडामी माडियांचे पुरुष लग्नसमारंभात गव्याच्या शिंगांचा मुकुट घालून, चेहऱ्यावर कवड्यांच्या माळा सोडून, ढोल वाजवत नाचतात. १९३८ साली ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांची ओळख 'बायसनच्या शिंगांचे माडिया' अशी झाली. पुन्हा नाव बाहेरच्याचेच! माडियाही शिकार करत, ते काही साधुसंत नव्हते. फरक असा की महालात शिंग म्हणजे एका माणसाच्या पराक्रमाची खूण, तर माडियांच्या नाचात ते साऱ्या समाजाचे.

आपल्या परंपरेत तर याहून जुना दाखला आहे, आणि तो पनवेलपासून फार दूर नाही. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला. तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी यात्रा काढत. आपण त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, असे हा लेख सांगतो. पाचव्या स्तंभलेखात तर विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी जंगल जाळू नये, अशी आज्ञा आहे. वन्यजीव रक्षणाचा इतिहास इथून का सुरू करत नाहीत?

गवा हा गाईच्याच कुळातला. शास्त्रीय नाव बॉस गॉरस. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. तो गवत, पाला, बांबूचे कोंब खातो. त्याच्या शेणातून जमिनीला खत मिळते. वाघ आणि रानकुत्री त्याच्यावर जगतात. गाईच्या नावाने २०१५ मध्ये राज्यात कायदा कडक झाला, रस्त्यावर माणसे मारली गेली. पण ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला गवा शिरला, बघ्यांची झुंबड उडाली, आणि बेशुद्ध करून पकडल्यावर तो मेला. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. म्हणजे प्रश्न प्राणिमात्रांच्या दयेचा नव्हताच, राजकारणाचा होता.

१९७२ च्या कायद्याने गव्याला सर्वोच्च संरक्षण दिले, ते हवेच. पण त्याची किंमत कोण मोजतो? राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याचा शेतकरी. गवा त्याचा ऊस, त्याचे भात तुडवतो आणि तो भरपाईसाठी खेटे घालतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही आदिवासीला आपण इथलेच आहोत याचे पुरावे गोळा करावे लागतात. पनवेलच्या कातकरी वाड्यांतही हीच गोष्ट आहे. गवा मात्र कागदाशिवाय जंगलाचा मानकरी!

गवा आणि माणूस यांना एकमेकांसमोर उभे करणे सोयीचे आहे. त्यामुळे दोघांच्याही रानात रस्ते, खाणी आणि रिसॉर्ट घुसवणारा सुटतो. म्हणून मागणी एकच, तिचे भाग तीन: गव्याचे जाण्या-येण्याचे मार्ग मोकळे ठेवा, पिकाची भरपाई वेळेत द्या, आणि वनहक्काचे दावे निकाली काढा. कालच्या हाकाऱ्याला आज जंगलाच्या निर्णयात जागा मिळाली, तरच गवा वाचेल. नाहीतर जंगल पुन्हा मचाणावरूनच चालवले जाईल.

जय भीम!