'मूकनायक'चं कूळ

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. पुढच्या उन्हाळ्यात भिवा आणि घरातली इतर मुलं गोरेगावला वडिलांकडे निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणीच आलं नव्हतं. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवानाने दुप्पट भाडं घेतलं, वर गाडी मुलांनाच हाकायला लावली. तो बाजूने चालत राहिला. रात्रभर त्यांना पाणी मिळालं नाही.

मराठी वर्तमानपत्रं तेव्हा सत्तरीला आली होती, पण असली रात्र ही त्यांच्या लेखी बातमीच नव्हती. 'मूकनायक'चं कूळ शोधताना म्हणूनच मला आधी मसूरला थांबावंसं वाटतं. गोपाळबाबा वलंगकरांनी 'दीनबंधू'त लिहिलं होतं, शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढलं होतं. ही वाट त्यांनीच पाडली.

३१ जानेवारी १९२० रोजी त्याच भिवाने, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, 'मूकनायक' पाक्षिक काढलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं लागलं. पत्राची जाहिरात पैसे मोजून छापायलाही 'केसरी'ने नकार दिला. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवलं, ते बरं केलं. ते लंडनला गेल्यावर ज्ञानदेव घोलपांनी पत्र चालवलं. १९२३ मध्ये ते बंद पडलं. महाडच्या सत्याग्रहापाठोपाठ, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' आलं. त्याचे चोवीस-चोवीस रकाने संपादकाला एकट्याने भरावे लागत. एवढा मोठा बॅरिस्टर, आणि हाताखाली एक लेखनिक नाही!

या कुळाला दूरचे भाऊबंदही आहेत: न्यूयॉर्कमध्ये १८२७ साली कॉर्निश आणि रसवर्म या दोघा कृष्णवर्णीयांनी 'फ्रीडम्स जर्नल' सुरू केलं, तेही आपली बाजू आपणच मांडायची म्हणून.

सांगलीजवळच्या नांद्रे गावी १९४० साली जन्मलेले राजा ढाले याच कुळातले. 'येरू', 'तापसी', 'विद्रोह' ही अनियतकालिकं त्यांनी काढली. ऑगस्ट १९७२ मध्ये 'साधना'त त्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा आणि राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा त्यांनी शेजारी शेजारी मांडली होती. महाराष्ट्र खवळला तो ध्वजावरून.