बिघाड नसलेले यंत्र

किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून जेम्स वॉटने वाफेचे इंजिन शोधले, ही गोष्ट आपण वर्गात हमखास सांगतो. पण वॉट जन्मला १७३६ साली, आणि थॉमस न्यूकोमेनचे इंजिन १७१२ पासूनच इंग्लंडमधल्या खाणींतले पाणी उपसत होते. मग वॉटने केले तरी काय?

वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणे तयार करत असे. १७६३च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनाची एक छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. त्याने ती चालू केली. पण चार-दोन फेरे झाले की वाफ संपे आणि यंत्र थांबे. सारे भाग ठाकठीक होते. बॉयलरही पुरेसा मोठा दिसत होता. मग वाफ जात होती कुठे?

या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरली, की आतच थंड पाण्याचा फवारा मारत. वाफेचे पाणी होई, पोकळी निर्माण होई आणि हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. फवाऱ्याने सिलिंडरही थंड होई. पुढच्या फेऱ्यातली बरीच वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. प्रतिकृतीचा सिलिंडर होता जेमतेम दोन इंच व्यासाचा. सर्व मापे निम्मी केली तर आकारमान एक-अष्टमांश होते, पृष्ठफळ मात्र एक-चतुर्थांशच. म्हणून मोठ्या इंजिनात खपून जाणारा तोटा इथे उघडा पडला.

वॉटने मोजमापे घेतली. वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट थंड पाणी उकळीपर्यंत तापवते, असे त्याला आढळले. त्याचा उलगडा त्याच विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांच्या अप्रकट उष्णतेच्या सिद्धान्ताने झाला.

आता पेच स्पष्ट झाला. सिलिंडर सतत गरम हवा, आणि वाफ तर थंड व्हायला हवी! १७६५ साली उत्तर सुचले: वाफ वेगळ्या भांड्यात नेऊन थंड करावी. हाच वेगळा संघनक. १७६९च्या पेटंटचे शीर्षकही नव्या इंजिनाचे नाही, वाफ व इंधनाचा खप कमी करण्याच्या पद्धतीचे आहे. पुढे बोल्टन आणि वॉट खाणमालकांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा घेत.

आज संगणकावरच्या खेळात बॉयलर आणि यंत्रे जुळवणारी मुले ती अडली की एकेक भाग बदलून पाहतात. त्यांना वॉटचा प्रश्न विचारायला शिकवूया: उष्णता जाते कुठे, आणि किती?