बालशल्यविद्या आणि हिंगोलीची वाट

हिंगोलीचें नांव निघालें कीं वारकऱ्याला नामदेवांची नरसी आठवते, भाविकाला औंढ्याचा नागनाथ आठवतो आणि इतिहासाच्या अभ्यासकाला निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी. ज्या संस्थानांत ही छावणी होती, त्याचा शल्यविद्येशीं एक जुना संबंध आहे. तो मात्र सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. हैदराबाद शहरांत १८८८ व १८८९ या दोन वर्षीं क्लोरोफॉर्मची चौकशी करण्यासाठीं दोन समित्या बसल्या. क्लोरोफॉर्मनें भूल देतांना रोगी एकाएकीं दगावे, याचें कारण त्यांना शोधावयाचें होतें. अशा मृत्यूची पहिली नोंद १८४८ सालची असून ती इंग्लंडांतील एका पंधरा वर्षांच्या मुलीची आहे. तिच्या पायाच्या बोटाचें नख तेवढें काढावयाचें होतें.

रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांचें म्हणणें असें कीं, आधीं श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून भूल देणाऱ्यानें रोग्याच्या श्वासावर नजर ठेवावी. दुसऱ्या समितीचा खर्च निजाम सरकारनें उचलला आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूनें लागला. पुढें १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, भूल हलकी असतांनाही क्लोरोफॉर्मनें हृदयाचा ताल बिघडून तें अकस्मात् बंद पडूं शकतें. निष्कर्ष अपुरा ठरला, पण श्वासावर लक्ष ठेवण्याची शिस्त व्यर्थ गेली नाहीं. लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचा सारा डोलारा निर्धोक भुलीवरच उभा राहावयाचा होता.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, ही समजूत वैद्यकांत फार काळ टिकून होती. तीन किलो वजनाच्या अर्भकाच्या अंगांत सुमारें २४० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर रक्त असतें. पंचवीस मिलिलिटर रक्त गेलें, तर मोठ्या माणसाच्या अंगांतून अर्धा लिटर गेल्यासारखें होतें. वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार मोठा असल्यामुळें उघड्यावर तें चटकन गार पडतें. यकृत व मूत्रपिंडें अपक्व असल्यानें औषधाची मात्रा केवळ वजनाच्या त्रैराशिकानें ठरवितां येत नाहीं. म्हणून मुलांचा शल्यवैद्य निराळाच घडवावा लागतो.

या विद्येची खरी परीक्षा एका व्यंगानें घेतली. कांहीं अर्भकांची अन्ननलिका जन्मतःच मध्यें खंडित असते आणि बहुधा तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असतो. अशा मुलाच्या तोंडाला फेस येतो आणि पहिल्याच घोटाला तें निळें पडतें. सुमारें तीन ते चार हजार जन्मांमागें एक मूल असें निपजतें. सतराव्या शतकापासून हें व्यंग वैद्यांना ठाऊक होतें. तथापि त्यांतून मूल वांचल्याचें पहिलें उदाहरण घडण्यास १९३९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंत लेव्हन आणि लॅड या दोघांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, टप्प्याटप्प्यानें शस्त्रक्रिया करून अशीं मुलें जगविलीं. १९४१ सालीं कॅमेरॉन हेट यांनीं अन्ननलिकेचीं दोन्ही टोंकें एकाच शस्त्रक्रियेंत सांधून दाखविलीं. हें व्यंग तेव्हांपासून असाध्य उरलें नाहीं.

मुंबईंत केवळ मुलांसाठीं बांधलेलें परळचें वाडिया रुग्णालय १९२९ पासूनचें. शीवचें रुग्णालय १९४७ सालीं निघालें व पुढें लोकमान्य टिळकांच्या नांवानें प्रसिद्ध झालें. १९६५ सालीं भारतांतील बालशल्यवैद्यांची संघटना स्थापन झाली. या शाखेंत ज्या पिढीनें पाय रोवले, तींत डॉ. स्नेहलता देशमुख यांचें नांव महाराष्ट्रानें आवर्जून ध्यानीं ठेवावें असें आहे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. शल्यविद्या हें पुरुषांचें क्षेत्र मानलें जात असतां त्यांनीं तींतलीही ही अवघड शाखा पत्करली आणि पुढें शीवच्या रुग्णालयाचें व महाविद्यालयाचें अधिष्ठातापद भूषविलें.

या कामांत शल्यवैद्याची गांठ एका रोग्याशीं पडत नाहीं; दोघांशीं पडते. अर्भक टेबलावर असतें आणि आई दाराबाहेर. त्या आईच्या पदरीं बहुधा दोष आलेला असतो. ओठ दुभंगलेला असला, तर तिनें ग्रहणांत कांहीं चिरलें असेल, असें घरचीं माणसें म्हणतात. पाठीच्या कण्याचें व्यंग असलें, तर तिचें पूर्वसंचित काढतात. शास्त्रानें या आरोपाचें उत्तर हळूहळू दिलें. ज्या स्त्रियांना पूर्वीं मज्जारज्जूचें व्यंग असलेलें मूल झालें होतें, त्यांना गर्भधारणेच्या आधींपासून फॉलिक आम्ल दिल्यास तें व्यंग पुन्हां उद्भवण्याचा संभव सुमारें तीन-चतुर्थांशानें घटतो, हें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगानें सिद्ध केलें. ग्रहणानें जें बिघडत नव्हतें, तें एका स्वस्त जीवनसत्त्वानें पुष्कळसें टळूं लागलें.

याच शीवच्या रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला परक्या आईचें दूध मिळूं लागलें. डॉ. देशमुखांनीं आपली लेखणी व वाणी गर्भवती स्त्रीच्या संगोपनाकडे वळविली. गर्भसंस्कारांवरचीं त्यांचीं पुस्तकें व व्याख्यानें मराठी घरांत पोंचलीं. त्या विषयांतील प्रत्येक विधान प्रयोगाच्या कसोटीस उतरलेलें आहे असें नाहीं. परंतु गर्भारपणीं स्त्रीचा आहार, विश्रांति व मनःस्वास्थ्य ही घराची जबाबदारी आहे, हें ज्या घरांत वैद्याचेंही कोणी ऐकत नसे, तेथें तें ऐकलें गेलें.

१९९५ ते २००० या काळांत त्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरु होत्या. पदवीपत्रावर विद्यार्थ्याच्या नांवासोबत त्याच्या आईचेंही नांव छापण्याची प्रथा त्यांच्या कारकीर्दींत पडली. मुलाच्या व्यंगाचा दोष जिच्या माथीं प्रथम येतो, तिचा मुलाच्या यशांतील वांटा प्रथमच कागदावर उमटला. २०२४ सालीं त्या निवर्तल्या.

आतां हिंगोलीकडे वळावें. निजामाच्या राजवटींतून १९४८ सालीं सुटलेला हा भाग १९५६ त द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. १ मे १९९९ रोजीं परभणींतून निघून स्वतंत्र जिल्हा झाला. मराठवाड्यांत वैद्यकीय महाविद्यालय आधीं १९५६ सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस निघालें, मग १९७४ त अंबाजोगाईस, १९८८ त नांदेडास आणि शेवटीं २०२४ सालीं खुद्द हिंगोलीस. अडुसष्ट वर्षें ही विद्या एकेक मुक्काम करीत या जिल्ह्याकडे सरकत होती. तरीही महाविद्यालय निघालें म्हणजे बालशल्यवैद्य मिळाला, असें होत नाहीं. तो घडण्यास पदवीनंतर कित्येक वर्षें जातात आणि घडल्यावर तो मोठ्या शहराकडेच ओढला जातो.

२०१३ सालीं पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. तालुक्यातालुक्यांतील फिरतीं पथकें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व शाळेंत एकदां मुलांना तपासतात. दुभंगलेला ओठ, वांकडें पाऊल, हृदयांतील छिद्र अशीं व्यंगें त्यांना सांपडतात आणि उपचार विनामूल्य होतो. पण खंडित अन्ननलिकेचें मूल अंगणवाडीची वाट पाहूं शकत नाहीं. त्याला दिवस नव्हे, तास मोजून दिलेले असतात.

सेनगांव किंवा कळमनुरी तालुक्यांतील एखाद्या प्रसूतिगृहांत त्या घटकेला शल्यवैद्य असण्याचें कारण नाहीं. तेथें परिचारिका असते. फेस पाहतांच तिनें मऊ नळी मुलाच्या घशांत घातली आणि ती सुमारें दहा सेंटिमीटरांवर अडली, तर निदानाची निम्मी वाट सरली. मग दूध पाजावयाचें नाहीं, डोकें उंच ठेवावयाचें, लाळ वरचेवर ओढून काढावयाची, अंग उबदार ठेवावयाचें आणि गाडी जोडावयाची. १९३९ सालीं लागलेला शोध हिंगोलीच्या अर्भकास लाभावयाचा, तर त्याची पहिली पायरी शस्त्रक्रियागृहांत नसून या परिचारिकेच्या हातांत आहे. तिला तें शिकविणें हेंही बालशल्यविद्येचेंच काम होय.