सरोवरानें राखलेलें लोखंड

वेल्सच्या वायव्येस अँगलसी नांवाचें एक बेट आहे. १९४२ सालीं, दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां, या बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ व्हॅली येथें विमानतळाचें काम चाललें होतें. जमीन वाळूची. ती धरून ठेवण्यासाठीं आसपासच्या दलदलींतून पीट, म्हणजे शतकानुशतकें कुजत पडलेल्या वनस्पतींची काळी माती, उपसावी, ती वाळूवर पसरावी आणि तिजवर हिरवळ वाढूं द्यावी, असा उपाय योजण्यांत आला होता. लिन केरिग बाख या नांवाच्या एका लहानशा सरोवराच्या कांठची मातीही अशीच लॉऱ्यांत भरून नेण्यांत आली.

माती पसरणाऱ्या दंताळ्याच्या दातांत एके दिवशीं एक लोखंडी साखळी अडकून वर आली. साखळी मजबूत होती. युद्धाच्या दिवसांत असली वस्तु कोण टाकून देतो? चिखलांत रुतलेल्या लॉऱ्या ट्रॅक्टरला जोडून ओढून काढण्याच्या कामीं कामगारांनीं तिचा उपयोग केला, आणि एवढा ताण सोसूनही ती तुटली नाहीं. पुढें मातींतून हाडें व आणखी लोखंड निघूं लागलें, तेव्हां कामावरील एंजिनियरानें १९४३ सालीं कार्डिफ येथील वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयास कळविलें. संग्रहालयाचे संचालक सर सिरिल फॉक्स हे मोठे पुराणवस्तुशास्त्रज्ञ होते. त्यांनीं ती साखळी पाहिली आणि तिच्यांतील पांच मोठ्या कड्यांचा उलगडा केला. तीं कडीं माणसांच्या गळ्यांसाठीं घडविलेलीं होतीं. पांच माणसांना एका रांगेत जखडून चालविण्याची ती साखळी होती, आणि तिचें वय सुमारें दोन हजार वर्षें होतें.

त्या काळच्या ब्रिटनमधून परदेशीं काय काय जात असे, याची एक यादी स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानें दिली आहे. धान्य, गुरें, सोनें, रुपें, लोखंड, कातडीं, गुलाम आणि शिकारी कुत्रे. गुलाम येतात ते कातडीं आणि कुत्रे यांच्या मध्यें. ग्रंथकाराला त्यांत कांहीं विशेष वाटल्याचें दिसत नाहीं. त्याच्या यादींतील हा एक शब्द अँगलसीच्या साखळीनें प्रत्यक्ष हातांत आणून दिला. जिच्या कड्यांतून माणसांच्या माना गेल्या, तिच्यानेंच विसाव्या शतकांतील लॉऱ्या ओढल्या गेल्या, हा योग विलक्षण खराच. परंतु ज्या लोहारानें ती घडविली त्याच्या कौशल्याची स्तुति करतांना जीभ थोडी अडखळते.

साखळीबरोबर निघालेल्या वस्तूंची संख्या दीडशेंहून अधिक भरली. त्यांत तरवारी, भाल्यांचीं पातीं, ढालींचे भाग, रथांच्या चाकांच्या लोखंडी धावा, घोड्यांचे लगाम, लोहाराचा सांडस, रणशिंगाचा तुकडा, आणि तीन वेलांट्या एका वर्तुळांत फिरविलेली नाजूक नक्षी असलेला कांशाचा एक चंद्राकार पत्रा, अशा नाना वस्तु आहेत. कांहीं वस्तु मुद्दाम वांकविलेल्या आहेत. लढाईंत मोडलेलें शस्त्र आणि वांकवून निरुपयोगी केलेलें शस्त्र यांतील फरक जाणत्या डोळ्यांना कळतो. सरोवराच्या कांठीं एक खडक आहे. त्यावरून हें सर्व पाण्यांत टाकण्यांत आलें असावें, असें फॉक्स यांचें मत पडलें. एकदां अर्पण केलेली वस्तु पुन्हां माणसाच्या उपयोगाची राहूं नये, असा या वांकविण्यामागचा हेतु दिसतो. आपल्याकडेही तीर्थांत सोडलेलें नाणें कोणी परत मागत नाहीं.

असें करणारे हे एकटेच नव्हते. स्वित्झर्लंडांतील नशातेल सरोवराच्या उत्तर टोकास ला तेन येथें १८५७ सालीं पाणी फार ओसरलें असतां, कर्नल श्वाब या संग्राहकाच्या पदरीं असलेल्या एका कोळ्यानें उथळ पाण्यांतून चाळीसएक लोखंडी वस्तु काढल्या. पुढें तेथें इतक्या तरवारी निघाल्या कीं, युरोपच्या उत्तर लोहयुगाला त्या जागेचेंच नांव पडलें. दक्षिण फ्रान्समधील तोलोझ येथील पवित्र सरोवरांविषयीं स्ट्रेबोनें सांगितलेली हकीकत तर याहून चमत्कारिक आहे. तो प्रांत जिंकल्यावर रोमनांनीं तीं सरोवरें लिलांवानें विकलीं, आणि घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांना त्यांत जात्याच्या तळीसारखे ठोकून केलेले रुप्याचे गोळे सांपडले! देवाचा ठेवा सरकारनें लिलांवांत काढावा, याला रोमन व्यवहारबुद्धि म्हणावें लागेल.

अँगलसीच्या अर्पणांचा शेवट फॉक्स यांनीं रोमन स्वारीशीं जोडला. या बेटाला रोमन लोक मोना म्हणत. इसवी सन ६० च्या सुमारास सेनापति स्वेटोनियस पॉलिनस याचें सैन्य सपाट तळाच्या होड्यांतून तेथें उतरलें. समोर मशाली घेऊन धांवणाऱ्या स्त्रिया आणि आकाशाकडे हात उभारून शाप देणारे ड्रुइड धर्मगुरु पाहून शिपाई क्षणभर जागच्या जागीं थिजले, असें टॅसिटस लिहितो. पुढें कत्तल झाली आणि पवित्र वनराई तोडण्यांत आली. या प्रसंगाशीं सरोवरांतील लोखंडाची सांगड घालण्याचा मोह कोणालाही पडावा. परंतु अलीकडे किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीनें तेथील हाडांचें वय काढण्यांत आलें, तेव्हां बहुतेक हाडें त्या स्वारीच्या फार पूर्वींचीं ठरलीं. अर्पणें पिढ्यान् पिढ्या चालू होतीं. एका संकटाच्या रात्रीं घाईनें बुडविलेला हा खजिना नव्हे.

ज्या १९४२ सालीं हें लोखंड दंताळ्याला अडकलें, त्याच सालीं पोलंडच्या कोसात्स्की नांवाच्या अधिकाऱ्यानें योजिलेलें सुरुंगशोधक यंत्र एल् अलामीनच्या वाळवंटांत वापरलें गेलें. तारेच्या वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडावा, त्याच्या चुंबकीय क्षेत्रांत धातु आली कीं तिच्यांत प्रवाह उत्पन्न व्हावा, आणि त्याची खूण शोधणाऱ्याच्या कानांत वाजावी, असें तें तत्त्व. युद्ध संपल्यावर असलीं यंत्रें हौशी लोकांच्या हातीं आलीं, आणि शेतें, समुद्रकिनारे, सरोवरांचे कांठ धुंडाळणारा एक नवा वर्ग तयार झाला. इंग्लंड व वेल्समध्यें १९९६ च्या कायद्यानें असा ठेवा सांपडल्यास १४ दिवसांत कळविणें बंधनकारक केलें आहे. कारण यंत्राला धातु कळते, धातूचा शेजार कळत नाहीं. वस्तु उपटून घेतली कीं ती कोणत्या थरांत, कशाच्या सोबतीनें पडली होती, ही माहिती कायमची जाते.

लिन केरिग बाख येथें हेंच घडलें, आणि तेंही कोणाच्या लोभावांचून. फॉक्स तेथें पोंचले तेव्हां माती विमानतळभर पसरली जाऊन तिजवर हिरवळ धरूं लागली होती. कोणती तरवार कोणत्या हाडाजवळ होती, हें त्यांना लॉऱ्या भरणाऱ्या माणसांच्या आठवणींवरून जुळवावें लागलें. साखळी आतां वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. तिचीं पांचही कडीं शाबूत आहेत.