समुद्रातून वर आलेल्या नोटा आणि पाणबुड्याचा वॉशर

नाशिक रोड आणि नोटा हे समीकरण महाराष्ट्राला नवे नाही. येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५च्या सुमारास तिकिटांची छपाई सुरू झाली. १९२८मध्ये येथे नोटा छापल्या जाऊ लागल्या आणि १९३२पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्व किमतींच्या नोटा येथेच तयार होऊ लागल्या. पुढे हैदराबादच्या निजाम सरकारच्या नोटाही नाशिकला छापल्या गेल्या. त्याआधी हे कागद इंग्लंडहून बोटीने येत असत.

जुन्या नोटांच्या संग्राहकांना निजामाच्या नोटांचा एक वेगळाच प्रकार माहीत आहे. या नोटांवर अधिकाऱ्याची सही नाही. उलट, ही नोट ‘इजिप्त’ या बुडालेल्या बोटीतून काढली आहे, असा शिक्का त्यांवर मारलेला आहे. लंडनच्या छापखान्यातून निघालेली ही नोट दहा वर्षे समुद्राच्या तळाशी राहिली आणि मग वर आली. संग्राहक तिची किंमत सांगतात. ती वर कशी आली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर पाणबुड्यांच्या साधनांच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास बराचसा बिघाडांचा आहे.

मुंबईला न पोहोचलेली बोट

पी. अँड ओ. कंपनीची ‘इजिप्त’ १९ मे १९२२ रोजी टिलबरीहून मुंबईकडे निघाली. बोटीवर सोन्याच्या विटा, चांदीच्या लगडी आणि सोन्याची नाणी मिळून दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचा ऐवज होता. शिवाय निजामाच्या नोटांचे गठ्ठे होते. दुसऱ्याच दिवशी, फ्रान्सच्या वायव्य टोकाजवळील उशांत बेटाच्या परिसरात दाट धुक्यात ‘सेन’ ही फ्रेंच मालवाहू बोट तिच्यावर आदळली. वीस मिनिटांच्या आत ‘इजिप्त’ बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांत खलाशीवर्गातील लोक बहुसंख्य होते, आणि त्या वर्गात हिंदी माणसांचा मोठा भरणा होता. नंतरच्या चौकशीत बोटीचा कप्तान आणि मुख्य अधिकारी यांच्यावर ठपका आला. जीवरक्षक होड्या बोटीवर होत्या, पण ऐन वेळी त्या नीट वापरल्या गेल्या नाहीत.

विमा उतरवणाऱ्यांनी पैसे भरले आणि तळाशी असलेल्या सोन्यावर त्यांचा हक्क आला. पण बोट सुमारे सव्वाशे मीटर खोल होती. त्या काळच्या पाणबुड्याच्या पोशाखात एवढ्या खोलवर जाऊन काम करणे अशक्य होते. याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्रत्येक सुटा भाग म्हणजे एका बिघाडाची आठवण

मूळच्या जर्मन पण लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीबे यांनी १८३७च्या सुमारास तांब्याचे शिरस्त्राण जोडलेला बंद पोशाख तयार केला. वर दोन माणसांनी हातपंप मारायचा आणि खाली नळीतून हवा पोहोचायची, अशी ही योजना. ‘रॉयल जॉर्ज’ या बुडालेल्या युद्धनौकेवर काम चालू असताना एका पाणबुड्याची हवेची नळी फुटली. नळी फुटताच शिरस्त्राणातील हवा उलट वर धावली आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाने त्याचे शरीर शिरस्त्राणाकडे चेपले गेले. तो वाचला, पण जबर जखमी झाला. पुढे शिरस्त्राणाच्या तोंडाशी एकमार्गी झडप बसवणे हा नियमच झाला. आपल्याकडचा शेतकरी ही झडप ओळखतो. विहिरीतील पाइपाच्या टोकाला असलेला फूटव्हॉल्व्ह हेच काम करतो. फरक एवढाच, की तो गळला तर मोटार पाणी ओढत नाही आणि ही झडप गळली तर माणूस जातो.

दुसरा बिघाड ओळखायला अधिक काळ लागला. खोल गेलेले पाणबुडे थोड्याच कामात धापा टाकत, त्यांचे डोके गरगरत असे आणि काही बेशुद्ध पडत. हा खोलीचाच परिणाम, असे समजले जाई. ब्रिटिश नौदलासाठी १९०५ ते १९०७ या काळात संशोधन करणाऱ्या जे. एस. हॉल्डेन यांनी शिरस्त्राणातील हवाच तपासली. तिच्यात पाणबुड्याच्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठलेला आढळला. हिशेब सोपा आहे. दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. तीस मीटरवर एकूण दाब चौपट असतो, म्हणून वरून तेवढीच हवा पाठवली तर खाली तिचे आकारमान एक चतुर्थांश होते. त्यात पंप गळका असला तर परिस्थिती आणखी बिघडते. वापरातील पंप दाबाखाली तपासले तेव्हा पिस्टनच्या कडेने बरीच हवा निसटत असल्याचे दिसले. पंप वर हवेत चालवून पाहिला तर उत्तम वाटे. दाब चढला की त्याची खोड उघडी पडे. द्राक्षबागेत फवारणीच्या पंपाचा वॉशर झिजला की नेमके हेच होते.

हॉल्डेन यांचे नाव आज टप्प्याटप्प्याने वर येण्याच्या तक्त्यासाठी घेतले जाते. तो तक्ता १९०८मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने असंख्य जीव वाचवले. पण पंपाची गळती दाबाखाली मोजावी, हा त्यांचा धडाही तितकाच मोलाचा आहे.

‘आर्तिल्यो’ची युक्ती

जिनोआच्या सोरिमा कंपनीचे जोव्हान्नी क्वाल्या यांनी ‘इजिप्त’चे काम हाती घेतले. त्यांच्या ‘आर्तिल्यो’ बोटीवर अल्बेर्तो जान्नी, अरिस्तिदे फ्रांचेस्की आणि अल्बेर्तो बार्जेलिनी हे नावाजलेले इटालियन पाणबुडे होते. त्यांच्याकडे जर्मन बनावटीचा, सांध्यांनी हलणाऱ्या हातापायांचा लोखंडी पोशाख होता. माणूस आत नेहमीच्या दाबात राहत असल्याने वर येताना थांबे घेण्याची गरज नव्हती. पण खोल पाण्यात सांधे जखडत. हालचाल हवी तर सांधा सैल हवा आणि पाणी अडवायचे तर घट्ट हवा, हा पेच त्यात होता.

जान्नींनी सांधा सुधारण्याच्या मागे न लागता तो काढूनच टाकला. हातपाय नसलेला, जाड काचेच्या खिडक्यांचा एक लोखंडी कोश तळाशी सोडायचा. आतला माणूस टेलिफोनवरून सांगणार, ‘डावीकडे, थोडे पुढे, आता सोडा’, आणि वरच्या क्रेनचा पंजा त्याप्रमाणे काम करणार. जो भाग बिघडण्याची सर्वांत जास्त शक्यता आहे तो मुळातच नको, ही दुरुस्तीशास्त्रातील फार मोठी अक्कल आहे.

ऑगस्ट १९३०च्या अखेरीस ‘इजिप्त’ सापडली. पण हिवाळ्यात समुद्र खवळल्यावर ‘आर्तिल्यो’ दुसऱ्या कामाला लागली. पहिल्या महायुद्धात बुडालेली ‘फ्लॉरेन्स एच.’ ही दारूगोळ्याची बोट सुरुंग लावून मोडायची होती. सुरुवातीला सुरुंग उडवताना ‘आर्तिल्यो’ बरीच दूर नेत असत. काही होत नाही असे पाहून ते अंतर कमी होत गेले. ७ डिसेंबर १९३० रोजी तळातील सगळा दारूगोळा एकदम उडाला. ‘आर्तिल्यो’ बुडाली आणि जान्नी, फ्रांचेस्की, बार्जेलिनी यांच्यासह बारा जण मरण पावले. त्यांचे कोणतेही साधन त्या दिवशी बिघडले नव्हते. झिजली होती ती सावधगिरी.

सोरिमाने दुसरी बोट आणली आणि तोच कोश, तीच पद्धत वापरली. २२ जून १९३२ रोजी ‘इजिप्त’चे पहिले सोने वर आले आणि १९३५पर्यंत बहुतेक ऐवज निघाला. निजामाच्या नोटाही निघाल्या. तोवर नाशिक रोडचा छापखाना पूर्ण जोमात होता. तो या अपघातामुळे निघाला असे म्हणण्यास आधार नाही; पण इंग्लंडहून येणाऱ्या नोटांचा प्रवास किती बेभरवशाचा होता, हे ही कहाणी सांगते.

मालवणच्या पाण्यात

१९४३मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाणबुड्याला नळीतून मोकळे केले. पाठीवर दाबाखालील हवेचे सिलिंडर आणि श्वास घेताच लागेल तेवढी हवा देणारा रेग्युलेटर, हेच आजचे स्कूबा. आजच्या रेग्युलेटरमध्ये जुन्या अपघातांचे शहाणपण उतरले आहे. सिलिंडरमधील सुमारे दोनशे बारचा दाब त्यात दोन टप्प्यांत उतरवला जातो. त्याची रचना अशी, की झडप बिघडली तर सहसा हवा बंद पडत नाही, उलट वाहत राहते. सिलिंडर लवकर रिकामे होते, पण वर येण्यापुरता वेळ मिळतो.

मात्र ही रचना निगेवर टिकते. खारे पाणी सुकले की मिठाचे खडे झडपेत बसतात, म्हणून प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्याची धुलाई हवी. धुताना पहिल्या टप्प्याचे टोपण घट्ट लावलेले हवे आणि हवेचा दाब नसेल तर तोंडातील भागाचे बटण दाबायचे नाही. नाहीतर पाणी आत शिरते. रबराची ओ-रिंग दिसायला क्षुल्लक, पण तिला चीर गेली की गळती सुरू. लोखंडी सिलिंडरमध्ये ओल राहिली तर गंज चढतो आणि तो गंज आतील हवेतला प्राणवायूच खातो. म्हणून सिलिंडर ठरावीक काळाने आतून तपासावे लागते आणि पाण्याच्या दाबाने त्याची चाचणी घ्यावी लागते. कॉम्प्रेसर इंजिनाच्या धुराजवळ हवा ओढत असेल तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातो. त्याला ना रंग, ना वास.

हे सांगण्याचे कारण आता आपल्या दाराशी आहे. मालवण, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मराठी कुटुंबे हौसेने पाण्याखाली जातात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ फेब्रुवारी २०२५मध्ये या महामंडळाच्या हवाली झाली, ती निवती खडकाजवळ तळाशी ठेवून पाणबुड्यांना दाखवता यावी म्हणून. एके काळी बुडालेल्या बोटीतून सोने काढायला माणसे जात. आता बोट पाहायला जावे म्हणून ती बुडवायची योजना होते.

पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंद असतो. साधने उघडून पाहायला, वॉशर-रिंगा बदलायला आणि केलेल्या कामाची तारीखवार नोंद करायला हाच काळ योग्य. पाण्यात उतरणाऱ्याने फोटोचे दर विचारावेत, पण त्याआधी सिलिंडरवर चाचणीची तारीख पाहावी आणि रेग्युलेटर शेवटचा कधी उघडला ते विचारावे. यात संकोच कसला?

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आणखी एक मागणी. ‘इजिप्त’चे सोने किती निघाले याचे आकडे सहज मिळतात, त्या कोशाच्या काचा आणि टेलिफोनची तार रोज तपासणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच कोणी टिपून ठेवली. मालवणच्या पाणबुड्यांच्या दुरुस्तीच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. कोणता भाग कधी बिघडला आणि तो कोणी दुरुस्त केला, याच्या साध्या नोंदी उद्याच्या अभ्यासकाला कोकण किनाऱ्याचा इतिहास म्हणून उपयोगी पडतील आणि आजच्या पाणबुड्याला जीव राखण्यासाठी.